व्यवसायासाठी नेट घेताना ‘स्पीड किती’ हा पहिला प्रश्न नको : मालकांना खुले पत्र

प्रति,
छोटे-मध्यम व्यवसाय चालवणारे मालक, भागीदार, आणि इंटरनेटच्या कोटेशनवर शेवटची सही ज्यांची असते ते सर्व,

स. न. वि. वि.

मी नेटवर्क उभारणीचं काम करतो. ऑफिसं, दवाखाने, गोदामं, छोटे कारखाने, शिकवणी वर्ग अशा ठिकाणी माझं जाणं-येणं असतं. बोलावणं बहुतेकदा काहीतरी बिघडल्यावरच येतं आणि त्या वेळी जो करार माझ्यासमोर ठेवला जातो त्यात एकच आकडा ठळक असतो : एमबीपीएस, म्हणजे लाइनचा वेग. अपलोड किती, लाइन कोणत्या प्रकारची, बंद पडली तर दुरुस्ती किती तासांत, तार इमारतीत कुठून येते, यातलं काही कुणी विचारलेलं नसतं. हे पत्र पुढच्या सहीच्या आधी तुमच्या हाती पडावं, म्हणून लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे : ऑफिसातलं काम अडतं ते बहुतेक वेळा लाइनवर रांग लागल्यामुळे किंवा लाइन तुटल्यामुळे. डाउनलोडचा आकडा वाढवून यातलं काहीच सुटत नाही. त्यामुळे पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी आपलं काम नेमकं कुठे अडतं ते मोजा, आणि लाइन बंद पडली त्या दिवशी काय करायचं ते आधी ठरवा.

रांगेचं आधी सांगतो, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. एका हिशेब तपासणीच्या ऑफिसात तक्रार होती की दुपारी व्हिडिओ कॉल तुटतात. मालकांनी १०० एमबीपीएसची लाइन बदलून २०० ची घेतली होती. फरक काहीच पडला नाही. सकाळी स्पीड टेस्ट केली की आकडा पूर्ण यायचा, त्यामुळे लाइन देणारी कंपनी तक्रार बंद करून टाकायची. मी एका लॅपटॉपवर पिंग (बाहेरच्या पत्त्याला छोटासा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून ठेवलं आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. ८ मिलिसेकंद, ९, ८, ८. जेवणाची सुट्टी संपता संपता तोच आकडा ४०० झाला, मग ५५०, मध्येच ७००. त्याच क्षणी कोपऱ्यातल्या संगणकावर स्कॅन केलेल्या फाइलींचा क्लाउड बॅकअप सुरू झाला होता. नव्या प्लॅनमध्ये डाउनलोड दुप्पट झालं होतं, अपलोड मात्र पहिल्याइतकंच, २० एमबीपीएस. बॅकअपने ते सगळं अपलोड व्यापलं, राउटरमध्ये पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग साचली आणि कॉलचा आवाज त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

उपाय साधा होता. बॅकअप रात्रीवर टाकला. राउटरमध्ये रांग हाताळणारी सोय होती, ती चालू केली आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या जरा खाली बांधून दिली, म्हणजे रांग लागलीच तर ती आपल्या ताब्यातल्या राउटरवर लागते. दुसऱ्या दिवशी बॅकअप मुद्दाम दुपारी चालवून पाहिला, पिंग वीसच्या पुढे गेलं नाही. प्लॅन पुन्हा १०० वर आणला तरी चाललं असतं.

या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे लक्ष वेधलं, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रांग आवरण्याची पद्धत मांडली, आणि तिचीच पुढची आवृत्ती ‘एफक्यू-कोडेल’ २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे उत्तर केव्हाच सापडलेलं आहे. तरीही कंपनीने लाइनसोबत दिलेल्या राउटरमध्ये ते असेलच अशी खात्री नाही. राउटर घेताना ‘एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) आहे का’ असं थेट विचारा. विकणाऱ्याला प्रश्न कळला नाही तर दुसऱ्याला विचारा.

अपलोडबद्दल एक हिशेब इथेच करून टाकू. एमबीपीएसमधला ‘बी’ म्हणजे बिट, फाइलीचं माप बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. १० जीबीची फाइल २०० एमबीपीएसवर उतरवायला सात मिनिटांच्या आत काम होतं. तीच फाइल २० एमबीपीएस अपलोडवर चढवायला तासाहून जास्त वेळ लागतो. आता तुमचं काम आठवा : बॅकअप, कॅमेऱ्यांचं चित्रण, ग्राहकाला पाठवायचे आराखडे, व्हिडिओ कॉलमधला आपला चेहरा आणि आवाज. हे सगळं अपलोड आहे. घरच्या लाइनचा वापर मुख्यतः बघण्या-ऐकण्याचा असतो, म्हणून ते प्लॅन डाउनलोडकडे झुकलेले असतात. व्यवसायाला तो झुकाव चालत नाही.

आवाजाच्या कॉलला उलट फारच थोडी जागा लागते. जी.७११ या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत एका कॉलचा आवाज ६४ केबीपीएसचा असतो, पॅकेटावरच्या पत्त्याबित्त्याचं वेष्टण धरून एका दिशेला ९० च्या आसपास. एकाच वेळी वीस कॉल चालले तरी २ एमबीपीएस पुरतात. त्यांना हवा असतो वक्तशीरपणा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की संभाषण सहज वाटायचं तर एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहावा. शिवाय पॅकेट गळता कामा नये आणि विलंब सतत वर-खाली होता कामा नये. म्हणून फोनसाठी किंवा व्हिडिओसाठी लाइन घेत असाल तर लॅटन्सी (विलंब), जिटर (विलंबातला चढउतार) आणि पॅकेट लॉस (पॅकेटांची गळती) हे तीन आकडे मागा. ते कोटेशनमध्ये नसतात, मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

काही विलंब मात्र कोणतीही कंपनी कमी करू शकत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. तुमचं सॉफ्टवेअर १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरवर चालत असेल तर जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद गेलेच, प्रत्यक्षात तार सरळ रेषेत जात नसल्याने जास्तच. एका क्लिकसाठी सॉफ्टवेअरला वीस फेऱ्या माराव्या लागल्या की दोन सेकंद गेले. बिलिंगच्या पडद्यावर बसलेला माणूस म्हणतो ‘नेट स्लो आहे’, आणि मालक मोठा प्लॅन घेतात. खरं तर फोन सॉफ्टवेअर देणाऱ्याला करायला हवा : आमचा डेटा जवळच्या सर्व्हरवर हलवता येईल का? उपग्रहाच्या लाइनचंही हेच. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांवर हा विलंब खूपच कमी असतो. तार न पोहोचणाऱ्या जागी साइट असेल तर हा फरक समजून घेतल्याशिवाय उपग्रहाची लाइन घेऊ नका.

ब्रॉडबँड घ्यावं की लीज लाइन, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. ब्रॉडबँडच्या जीपॉन पद्धतीच्या (एक तार अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या) फायबरमध्ये सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड एका तारेवर येतं आणि ते बहुधा ३२ किंवा ६४ जोडण्यांमध्ये वाटलं जातं. सगळे एकदम वापरत नाहीत या भरवशावर ते चालतं, आणि बहुतेक वेळ नीट चालतंही. प्लॅनवर ‘पर्यंत’ हा शब्द असतो तो यासाठी. लीज लाइनमध्ये ठरलेला वेग तुमच्यापुरता राखून ठेवलेला, अपलोड-डाउनलोड सारखं, आणि दुरुस्तीची लेखी हमी. स्वतःचा सर्व्हर बाहेरून वापरला जात असेल, कॉल सेंटर असेल, शाखा मुख्य ऑफिसावर अवलंबून असतील, तर लीज लाइन घ्याच. पण पंधरा-वीस माणसांचं ऑफिस असेल आणि सगळं काम क्लाउडवर असेल, तर एका लीज लाइनपेक्षा वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या दोन चांगल्या ब्रॉडबँड लाइन आणि त्या दोन्ही हाताळणारा राउटर मी सुचवीन. हे सगळ्यांना पटत नाही, मला ठाऊक आहे. तरीही माझा कौल दोन लाइनना आहे, कारण हमी कितीही चांगली असली तरी तुटलेली तार हमीने जुळत नाही.

हमीचे आकडे वाचायला शिका. ९९.५ टक्के अपटाइम (लाइन चालू राहण्याचा वेळ) ऐकायला उत्तम वाटतं, पण वर्षाला जवळजवळ ४४ तास लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही. ९९.९ म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास, आणि ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटं. मग बघा, हा हिशेब महिन्याचा आहे की वर्षाचा, आणि कंपनीने आधी कळवून केलेली देखभाल त्यातून वगळली आहे का. ‘चार तासांत प्रतिसाद’ आणि ‘चार तासांत दुरुस्ती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात चार तासांत कुणीतरी तुमची तक्रार उघडून बघेल, इतकंच. भरपाई बहुधा पुढच्या बिलातल्या सवलतीच्या रूपाने मिळते, तुमच्या बुडालेल्या दिवसाची नव्हे.

आता तुटण्याबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने बोलायचं आहे, कारण ‘आमच्याकडे दोन लाइन आहेत’ हे वाक्य ऐकल्यावर पुढे काय बघायला मिळणार याची मला धास्ती वाटते.

एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसाने दोन वेगळ्या कंपन्यांकडून फायबर घेतलं होतं. बिलं वेगळी, राउटर वेगळे. मी तारांचा माग काढत जिन्याखालच्या शाफ्टपर्यंत गेलो तर दोन्ही फायबर एकाच पाइपातून वर येत होते आणि दर दोन हातांवर एकाच झिप टायने एकत्र बांधलेले होते. पुढे कधीतरी एसीचं काम करणाऱ्याने तो पाइप कापला. दोन्ही राउटरवर एकाच वेळी लाल दिवा लागला.

हेच मोठ्या प्रमाणावरही घडलेलं आहे. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्याच बोगद्यातून अनेक दूरसंचार कंपन्यांच्या फायबर तारा जात होत्या आणि त्या जळाल्या. कंपन्या वेगळ्या होत्या, वाट एकच होती. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स कंपनीच्या मुख्य नेटवर्कमध्ये बदल करताना चूक झाली आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली, घरचं-ऑफिसचं इंटरनेट आणि मोबाइल दोन्ही. ज्यांनी मुख्य लाइनही तिथूनच आणि बॅकअपचं सिमही तिथूनच घेतलं होतं, त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. देशभरातले डेबिट कार्डाचे व्यवहार अडकले, कारण ते व्यवहार चालवणारी इंटरॅक ही संस्थाही त्याच नेटवर्कवर विसंबून होती. इथे तार कुठेच तुटलेली नव्हती.

म्हणून दुसरी लाइन निवडताना तीन गोष्टी वेगळ्या आहेत ना, हे स्वतः तपासा : कंपनी, वाट आणि माध्यम. एक फायबर असेल तर दुसरी वायरलेस किंवा ५जी असू द्या. फायबरच दोन घ्यायचे असतील तर ते इमारतीत दोन वेगळ्या बाजूंनी आणा, आणि तारा टाकायच्या दिवशी तिथे उभे राहा. कंपनीचं नाव वेगळं असलं तरी छोटी कंपनी मोठीचीच लाइन पुढे विकत असू शकते. दोन्ही लाइनवरून ट्रेसराउट (पॅकेट वाटेत कोणकोणत्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी आज्ञा) करून बघा. पहिल्या काही टप्प्यांनंतर दोन्हीकडे त्याच नेटवर्कचे पत्ते दिसू लागले, तर तुम्ही एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरता आहात.

दुसरी लाइन असूनही काम थांबतं, त्याची कारणं मी पुन्हा पुन्हा तीच बघतो. राउटर फक्त पोर्टचा दिवा बघून ठरवतो की लाइन चालू आहे. बिघाड मात्र कंपनीच्या नेटवर्कमध्ये पुढे कुठेतरी असतो, दिवा हिरवाच राहतो आणि राउटर दुसऱ्या लाइनवर जातच नाही. त्याला बाहेरचे दोन पत्ते सतत तपासायला सांगावं लागतं. दुसरं, बँकेने किंवा एखाद्या पोर्टलने तुमच्या मुख्य लाइनचाच आयपी पत्ता मंजूर केलेला असतो. बॅकअपवर नेट येतं, पण पगार काढायचं पोर्टल दार उघडत नाही. दोन्ही लाइनना स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्या आणि दोन्ही पत्ते आधीच नोंदवून ठेवा. मोबाइलच्या बॅकअपवर बहुधा अनेक ग्राहकांत वाटलेला एकच पत्ता मिळतो, त्यामुळे बाहेरून आत येणारं काही, म्हणजे घरून ऑफिसच्या सर्व्हरवर येणं किंवा कॅमेरे बघणं, त्यावर चालणार नाही. आणि तिसरं अगदी साधं : वीज गेली की फायबरचा डबा, राउटर, स्विच सगळंच झोपतं. या तिघांना यूपीएस द्या. संगणकांना यूपीएस आणि राउटरला साधा प्लग, ही मांडणी मी अनेक ठिकाणी बघितली आहे.

कागदावर काही गोष्टी लिहून ठेवा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. त्यांचे स्वतःचे अंतर्गत मार्गही त्याच नेटवर्कवर होते, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांनाच आत पोहोचायला वेळ लागला. तुमच्या पातळीवर याचा अर्थ असा की कंपनीचा तक्रार क्रमांक, तुमचा ग्राहक क्रमांक, राउटरचा पासवर्ड आणि कोणती तार कुठे जाते याचं रेखाटन फक्त क्लाउडवरच्या फाइलीत असून चालणार नाही. कुलूपबंद कपाटात एक छापील प्रत हवी.

वाय-फायबद्दल थोडंच बोलतो. तक्रार आली की आधी लॅपटॉप तारेने राउटरला जोडून बघा. तारेवर सगळं नीट असेल तर दोष तुमच्या भिंतींच्या आत आहे, लाइन देणाऱ्याचा नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारच्या ऑफिसांचेही तेच असतात. माणसं बसतात तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा डबा) लोखंडी कपाटात किंवा रॅकच्या आत ठेवू नका, छताला लावा, आणि प्रत्येकापर्यंत तार न्या. प्रिंटर, बिलिंगचे संगणक, टेबलावरचे फोन, जे जागचं हलत नाही ते तारेवरच हवं. तांब्याच्या तारेची एक धाव १०० मीटरच्या आत ठेवा. नवीन वायरिंग करत असाल तर कॅट ६ए प्रकारची तार टाका. भिंत दुसऱ्यांदा फोडण्याचा खर्च तारेच्या खर्चापेक्षा नेहमीच जास्त असतो.

पाहुण्यांचं वाय-फाय, कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक एकाच नेटवर्कवर ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. तुमच्या राउटरचा पासवर्ड आजच बदला आणि बाहेरून त्यात शिरण्याची सोय बंद करा.

आणि मोजा. एका जुन्या संगणकावर तीन पिंग सतत चालू ठेवा : एक तुमच्या राउटरला, एक कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, एक बाहेरच्या एखाद्या स्थिर पत्त्याला. नोंद तारीख-वेळेसह साठू द्या. राउटरपर्यंतच पॅकेट गळत असतील तर वायरिंग किंवा वाय-फाय बघा. राउटरपर्यंत ठीक आणि पुढच्या टप्प्याला गळती असेल तर लाइन. दोन्ही ठीक आणि बाहेर बिघाड असेल तर कंपनीचं पुढचं नेटवर्क. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला ‘राउटर बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळतं. आठवडाभराची नोंद जोडून केलेली तक्रार वरच्या अभियंत्यापर्यंत जाते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे दोन लाइन आधीच आहेत त्यांना एक विनंती. महिन्यातून एकदा, काम कमी असेल अशा वेळी, सगळ्यांना सांगून मुख्य लाइनची तार राउटरमधून ओढून काढा. दुसरी लाइन किती वेळात काम हाती घेते, चालू कॉल तुटतो का, बँकेचं पोर्टल उघडतं का, कार्ड मशीन चालतं का, हे लिहून घ्या. पहिल्या खेपेला काहीतरी अडेलच. ते तुमच्या सोयीच्या वेळी अडलेलं बरं.

ज्यांचा करार संपत आला आहे त्यांनी पुढच्या कोटेशनसोबत लेखी उत्तरं मागावीत. अपलोड किती आणि तो राखीव आहे की वाटलेला? पॅकेट लॉस आणि लॅटन्सीची हमी किती? दुरुस्ती किती तासांत, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा? तार इमारतीत कोणत्या बाजूने येणार आणि पुढे कोणाच्या नेटवर्कला जोडलेली आहे? विक्री प्रतिनिधी फोनवर ‘काळजी करू नका, होऊन जाईल’ म्हणेल. ही उत्तरं कंपनीच्या ईमेलवरून येईपर्यंत कृपया सही करू नका.

कळावे,
आपला,
एक नेटवर्क अभियंता